पावणे सात

खरं नाव मतदारयादीत होतं, पण तिथून ते कधी बाहेर आलं नाही. शहर त्याला खडू म्हणायचं. उंच, पांढरट, कमरेत जरासा वाकलेला, दोन बोटांत धरून दाबलं तर कट्कन मोडेल असा. मोडला मात्र कधी नाही. झिजला.

शहर लहान. स्टेशनापासून चौकापर्यंत एक मोठा रस्ता आणि त्याला दोन्ही अंगांनी फुटलेल्या गल्ल्या. दुपारी हा रस्ता जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा पडून असतो. पाचला उठतो. पाच ते सात सगळ्या बारांत पेयं निम्म्या दरात मिळतात. त्या दोन तासांना पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळेच ‘हॅपी अवर’ म्हणतात. कचेऱ्या सुटतात, दवाखान्यातली पाळी बदलते, आणि माणसं घरी पोचायच्या आधी घटकाभर कुठंतरी टेकतात. बारवाल्यांना फार आधीच कळलं होतं, की स्वस्ताईनं माणूस येतो पण तेवढ्यानं टिकत नाही. म्हणून एकाकडे सोमवारी कोडी, दुसऱ्याकडे मंगळवारी गाणी, तिसऱ्याकडे शुक्रवारी बुद्धिबळ. वाचनालयाचं सभागृह, पोहायचा तलाव, अग्निशामक दलाची मोकळी शेड, सगळीकडे संध्याकाळी काहीतरी असायचंच. रोजचं वेगळं असल्यानं ते छापायला परवडत नाही, फळ्यावर लिहावं लागतं. आणि फळा म्हटला की खडू.

अकरा फळे होते त्याच्याकडे. तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. पण फ्लेक्सला रोज बदलता येत नाही, तिथं याचं फावलं. खडू तो साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोपरानं अक्षर पुसत नाही. आधी एक लांब शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची, दोरीवर धुणं टांगावं तशी. त्याच्या उस्तादानं शिकवलेलं एकच सूत्र त्यानं आयुष्यभर पाळलं होतं: ‘दोन शब्दांत बोटभर फट ठेव. कमी पडली तर वाचणारा ठेचकाळतो, जास्त झाली तर अर्थ सांडतो.’

दुपारी दोनला निघायचा आणि पाचच्या ठोक्याला अकरावा फळा पुरा व्हायचा. प्रत्येक फळ्याच्या तळाला एकच ओळ: ‘सर्वांचे स्वागत.’ वर्षाला किती वेळा लिहिली असेल ते देव जाणे. पण हा स्वतः त्यातल्या एकाही ठिकाणी आत जाऊन बसला नव्हता. बारवाले सोडा पुढं करायचे, तोही हा दारात उभ्यानं प्यायचा.

“बसा की खडूभाऊ. घोड्यावर बसून आलात काय?”

“नाही हो, अजून तीन फळे राहिलेत.”

एकही राहिलेला नसला तरी तीन राहिलेले असायचेच. पाचनंतर तो पुन्हा तीच फेरी मारायचा. म्हणे, कुठं काही पुसलंय का ते बघायला. तलावाकडून वाचनालय, वाचनालयाकडून चौक, चौकातून पुन्हा स्टेशन. पायाला भिंगरी नव्हती, भिंगरीलाच दोन पाय फुटले होते. लग्नाच्या फोटोत सगळं गणगोत स्पष्ट आलंय, नवरदेव तेवढा हललाय. बायको म्हणायची, “ह्यांचं बूड आणि खुर्ची यांचं मागच्या जन्मीचं वैर आहे.”

कारण विचाराल तर त्यालाही सांगता आलं नसतं. बसलं की जीव वरखाली व्हायचा. वाटायचं, या क्षणी कुठंतरी आपलं एखादं अक्षर पुसलं जातंय.

बायको त्याच्या अगदी उलट. सव्वीस वर्षं दवाखान्याच्या कपडेखोलीत एका स्टुलावर बसून तिनं काढली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट. फाटलेलं तिच्याकडं यायचं आणि रफू होऊन जायचं. तिचं रफू उजेडाकडे धरून बघितलं तरी सापडत नसे. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. मुलगी आणि मुलगा दूरच्या गावांना. पहिल्या आठवड्यात तिनं घर आवरलं. दुसऱ्या आठवड्यात आवरलेलं पुन्हा आवरलं. तिसऱ्या आठवड्यात एकच फडकं चार वेळा घडी घालून उलगडल्यावर तिचं तिलाच लक्षात आलं, आणि ती फडकं टाकून चपला घालून थेट कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेली.

तिथली मालकीणबाई म्हणजे आवाजाची जाड आणि हिशेबाची रोखठोक बाई. त्या बारला मागं एक खोली आहे. बायकोनं विचारलं, “शुक्रवारी हॅपी अवरमध्ये ही खोली मला द्याल का? लोकांनी आपापलं फाटकं घेऊन यायचं. मी रफू शिकवीन. बसतील, बोलतील, शिवतील.”

“वहिनी, खोलीवर डार्टवाल्यांचा, त्या भिंतीवर बाण फेकणाऱ्यांचा, डोळा आहे. बारा जण आहेत, आणि बाराही जण तहानलेले.” मालकीणबाईंनी ग्लास पुसत विचार केला. “असं करा. या शुक्रवारी एकदा करून बघा. सात पाहुणे जमले तर दर शुक्रवारी खोली तुमची. सहा आले तर डार्टवाल्यांची. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही.”

बायको घरी आली ती उडतच. नवऱ्याला म्हणाली, “तुम्हाला सगळं शहर ओळखतं. मला कोण ओळखतं? चादरी. मला आता माणसं हवीत.”

तो म्हणाला, “हं.” आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

शुक्रवारी सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधत असताना ती सगळं सविस्तर सांगत होती. साडेपाचला सुरू, मागच्या दारानं यायचं नाही, पुढूनच यायचं, सुया तीच देणार. तो हं हं करत होता, पण कान उंबऱ्याच्या पलीकडे गेलेले. पालथ्या घड्यावर पाणी. दुपारी तलावाच्या फळ्यावर शिडी लावून चढला होता, तेव्हा खिशातला फोन वाजला. खाली पन्नास पोरं पाण्यात उड्या मारत होती.

“अहो, मालकीणबाईंचा निरोप आला. त्या म्हणतात, पावणेसात. नक्की. फळ्यावर तेवढं ठळक लिहा, विसरू नका.”

“पावणेसात?”

“हो हो, पावणेसात. एकदम पक्कं बोलल्यात.”

“बरं.”

त्याला ऐकू आलं ते एवढंच. तीन वाजता त्यानं कोपऱ्यावरच्या बारचा फळा लिहायला घेतला, मग चौकातला मोठा फळा. अक्षरं अशी उतरली होती की त्याचं त्यालाच समाधान वाटलं. ‘फाटकं आणा, रफू शिका. शुक्रवार, पावणेसात. सर्वांचे स्वागत.’ ‘पावणेसात’ त्यानं दोनदा गिरवून जाड केलं. मनात एक किडा वळवळला खरा, की सातला तर हॅपी अवर संपतो, मग हे पावणेसातचं काय खूळ? पण लिहिणाऱ्यानं शहाणपण करू नये, सांगतील ते लिहावं, असं म्हणून त्यानं किडा झटकला आणि शिडी खांद्यावर घेतली.

संध्याकाळच्या फेरीत त्याचे पाय नेहमीपेक्षा जास्त सैरभैर होते. बुद्धिबळाच्या बारपाशी थांबला, निघाला. वाचनालयाच्या पायरीवर एक पाय ठेवला, काढला. आज बायकोचा दिवस आहे हे त्याला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तो कोपऱ्याच्या बाजूला जाईना. शेवटी सहा वाजून वीस मिनिटांनी पायांनीच त्याला तिथं नेऊन उभं केलं.

मागच्या खोलीत दिवा लागला होता. लांब टेबलावर सात सुया ओवून एका ओळीत मांडलेल्या, सात रंगांची रिळं, सात जागी सात छोट्या कात्र्या. टेबलाच्या टोकाला बायको. तिच्या शेजारी निवृत्त पोस्टमनकाका मांडीवर फाटका मोजा घेऊन बसलेले, कारण त्यांना तिनं स्वतः बोलावलं होतं. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

“लवकर येऊन बसलीस?” तो दारातूनच म्हणाला.

तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते, पण असे कोरडे, की बघवत नव्हते.

“साडेपाचपासून बसलेय. एक चिटपाखरू फिरकलं नाही. काय लिहिलंत तुम्ही?”

“तू सांगितलंस तेच. पावणेसात.”

“मग? पावणे सात हवेत म्हटलं ना मी.”

“हवेत?”

“पावणे! पावणे सात! पाहुणे हो, पाहुणे! सात माणसं! कमी पडले तर खोली जाईल, म्हणून लिहा म्हटलं, म्हणजे लोक जोडीनं येतील!”

खडूच्या तोंडचं पाणी पळालं. चौतीस वर्षं ऐकत आला होता तो. माहेरच्या वळणानं ती पाहुण्यांना पावणेच म्हणायची. फळ्यावर त्यानं आयुष्यभर बोटभर फट राखली, पण कानाला कुठं फट दिसते?

पोस्टमनकाकांनी मोजा खाली ठेवला. “म्हणजे ध चा मा झाला म्हणायचा. मी चाळीस वर्षं पत्रं वाटली, चुकीच्या घरी टाकली. पण चुकीच्या वेळी नाही टाकली कधी.”

बायको सुया गोळा करू लागली. “साडेपाच सकाळी सांगितलं होतं. नाड्या बांधत होतात.”

  तेवढ्यात पुढून मालकीणबाईंचा आवाज आला, “वहिनी, सातला घंटा वाजवते हं. मग डार्टवाल्यांना सांगून टाकते.”

“सांगा,” बायको म्हणाली. “मी निघालेच.”

“थांब.” खडू आत आला. बारच्या आत, मागच्या खोलीत, टेबलापर्यंत. “लिहिलंय पावणेसात, तर येतील ते पावणेसातला. पंचवीस मिनिटं थांब.”

“तुम्ही कुणासाठी थांबलात कधी पंचवीस मिनिटं?”

त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

आता पंचवीस मिनिटं म्हणजे काय हो? माणूस घोरतो तरी तेवढा वेळ जातो. पण खडूसाठी ती पंचवीस मिनिटं म्हणजे निखाऱ्यावर ठेवलेली परात होती. डावा पाय हलायला लागला. तो दाबला तर उजवा. बोटं टेबलावर शिरोरेघा ओढायला लागली. बाहेर कुणीतरी हसलं की मान वळे, दार करकरलं की तो अर्धा उठे.

“भाऊ, टेबल हलतंय,” पोस्टमनकाका म्हणाले. “सुई माझ्या अंगठ्यात जाईल. तुम्ही एकाच जागी बसून चार कोस चाललात.”

सहा चाळीसला औषधाच्या दुकानातल्या दोघी बहिणी आल्या, एकीच्या हातात दोघींचं मिळून एक स्वेटर. खडूनं मनात मोजलं, तीन. मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर, कोटाचं अस्तर लोंबत असलेला. चार. तलावावर पोहायला शिकवणारी बाई, ओल्या केसांनी. पाच. शेवटी गल्लीतला न्हावी आला आणि म्हणाला, “फळा वाचून आलो. हा टॉवेल जरा विरलाय. चालेल ना?”

“चालेल, चालेल!” बायको म्हणाली, आणि तिचा आवाज दवाखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा इतका मोठा आला. सहा.

ती कामाला लागली. आधी भोकाच्या कडा कशा बघायच्या, उभे दोरे कुठले, आडवे कुठले. ‘ओढायचं नाही, नुसतं पोचवायचं.’ दोघी बहिणी एकमेकींवर खेकसत होत्या, ड्रायव्हर जीभ दाताखाली धरून टाके घालत होता. खोलीला रंग चढला. पण सहा म्हणजे सहाच. खडूचा डोळा दारावर. सहा पन्नास. सहा बावन्न. दार उघडलं.

तो डार्टवाल्यांचा म्होरक्या होता. चौकटीला टेकून त्यानं भिंत नजरेनं मापली. “सातला रिकामी होतेय ना?”

“ये की, बस ना,” खडू घाईनं म्हणाला. “काही फाटलेलं आहे का तुझं?”

“माझं? काही नाही बुवा.”

“मग शिवायचं तरी बघ, तोंडापासून सुरुवात कर,” पोस्टमनकाका पुटपुटले. बहिणी फिसकन हसल्या आणि म्होरक्या निघून गेला.

सात वाजायला तीन मिनिटं असताना मालकीणबाई फडकं खांद्यावर टाकून आल्या. बोट फिरवत मोजलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. “सहा. वाईट वाटतं वहिनी. पण बोलणं ते बोलणं.”

“मी आहे की,” खडू उठून उभा राहिला. मग आठवलं आणि पुन्हा बसला. “मी सातवा.”

“तुम्ही? घरचा माणूस पाहुण्यांत कसा धरायचा? उद्या तुम्ही मांजर मोजाल.”

खोलीतल्या सुया थांबल्या. आपल्या चुकीनं हिचं जमत आलेलं मोडलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो फळ्याबद्दल, फोनबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तोच बायको बोलली. मान खाली घालून, न्हाव्याच्या टॉवेलातला दोरा न सोडता.

“बाई, हे घरचे?”

“म्हणजे?”

“तुम्ही यांना माझ्या घरात बसलेलं बघितलंय? कुणी बघितलंय? सकाळचा चहा उभ्यानं. जेवण अर्धं उभ्यानं. मुलगी झाली तेव्हा आले, बघितलं, छान आहे म्हणाले आणि निघाले. चौतीस वर्षं झाली. पावणा म्हणजे तरी काय असतो हो? येतो, दोन शब्द बोलतो, चहा घेतो, जातो.” तिनं दोरा दातानं तोडला. “त्यातून पावणा बसतो तरी.”

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरनं अस्तराकडे बघितलं, बहिणींनी स्वेटरकडे. रागाचा एकही शब्द नव्हता त्यात. चादर मोजून द्यावी तसं तिनं ते मोजून दिलं होतं. आणि म्हणूनच ते खडूच्या काळजात सुईसारखं गेलं. बाहेर दुखल्याचं दिसत नाही, आत किती गेली ते त्यालाच ठाऊक.

मालकीणबाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग खांद्यावरचं फडकं दुसऱ्या खांद्यावर टाकलं.

“सात,” त्या म्हणाल्या. “बसा साडेसातपर्यंत. दर शुक्रवारी तुमची. आणि सातव्या पाहुण्यांना काय देऊ?”

“सोडा,” खडू म्हणाला. 

पुढं घंटा वाजली, हॅपी अवर संपला, तसा बाहेरचा गलका वाढला. बायको टेबलाभोवती फिरत एकेकाचे टाके बघत त्याच्यापाशी आली. त्याच्याकडं इतरांकडं बघावं तसंच बघितलं.

“पावणे, तुमचं काय फाटलंय?”

त्यानं उजवा हात पुढं केला. सदऱ्याची बाही फळ्यावर घासून घासून मनगटाशी विरून गेली होती.

“घरात काढून ठेवला असता तर केव्हाच शिवला असता,” ती म्हणाली. “काढा. दोरा ओवा.”

बनियनवर बसून तो दोरा ओवू लागला. कणसातल्या दाण्याएवढी अक्षरं ज्याच्या हातून एका दमात उतरायची, त्याला सुईचं भोक सापडेना. एकदा हुकला, दोनदा हुकला, दोरा चोखून टोकदार केला, पुन्हा हुकला. ती मदतीला थांबली नाही, बहिणींकडे गेली. त्यांच्याशी बोलताना ती हसली. असं ती हसते हे त्याला ठाऊक होतं का, ते त्याला आठवेना.

बाहेर कुणीतरी बहुतेक फळ्याला धडकलं, पाय घासल्यासारखा आवाज झाला. तिथलं एखादं अक्षर नक्की गेलं असणार. चौकातला मोठा फळा आता रात्रीच्या दवात ओला व्हायला लागेल. बुद्धिबळाच्या बारवाल्याचा ‘ळ’ दुपारी घाईत पुरता गोल झाला नव्हता, तो डोळ्यापुढून हलेना. डावा पाय टेबलाखाली पुन्हा सुरू झाला. पोस्टमनकाकांनी आपला ग्लास उचलून हातात धरला.

“किती वेळ लागतो हो याला?” खडूनं न्हाव्याला हळूच विचारलं.

न्हाव्यानं त्याच्या बाहीचं भोक पाहिलं. “एवढ्याला? आजच्यात काही व्हायचं नाही.”

चौथ्या खेपेला दोरा भोकातून गेला. खडूनं गाठ मारली, बाही मांडीवर पसरली, उभे दोरे शोधले. पाय हलतच होता. पहिला टाका वाकडा पडला. तो उसवून त्यानं दुसरा घातला, तोही वाकडाच, आणि तो दाराकडं न बघता तिसऱ्याला लागला.